भुशाचा वाघ, खरी पाटी

जंगलात वाघ मेला की त्याला जाळतात. आधी शवविच्छेदन होतं, नमुने प्रयोगशाळेत जातात, नखं आणि सुळे जागच्या जागी आहेत का ते तपासून लिहून घेतात. मग ठरलेल्या समितीच्या डोळ्यांदेखत, चित्रीकरण करत, कातडीसकट सगळा देह चितेवर चढवतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा तसा दंडकच आहे. एवढं देखणं कातडं राखेत घालवायचं म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव हळहळतो. पण वाघाचं एक नख जरी कोणाच्या खिशात गेलं, तरी त्याला बाजार आहे आणि त्या बाजाराला पुढच्या वाघाची वाट आहे. म्हणून जाळणं बरं.

मग बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जतन होणारे वाघ, सिंह आणि बिबटे येतात कुठून? ते बंदिवासातले. प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव केंद्रात म्हातारपणानं वा आजारानं मेलेले, रीतसर परवानगी घेऊन, कागदपत्रांनिशी आलेले. २००९ च्या ऑक्टोबरात या उद्यानात वन्यप्राण्यांच्या टॅक्सिडर्मीचं, म्हणजे मेलेला प्राणी कातडीनिशी हुबेहूब उभा करून जतन करण्याचं, केंद्र सुरू झालं. देशातलं या प्रकारचं ते पहिलं मानलं जातं. त्यामागचे हात डॉ. संतोष गायकवाड यांचे. ते परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातले, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधले, जतन केलेले प्राणी पाहून त्यांना या कलेचं वेड लागलं. शिकवणारं कोणी नव्हतं. शिकार बंद झाली तशी कलाही विझत आली होती. तेव्हा ते मेलेल्या पक्ष्यांवर हात बसवत बसवत स्वतःच शिकले आणि पुढं हत्तीच्या डोक्यापर्यंत पोचले.

आपण सर्रास ‘भुसा भरलेला वाघ’ म्हणतो. आत भुसा नसतो. हे काम नेमकं कसं चालतं ते जरा सावकाश पाहू, कारण त्यातच त्याची किंमत कळते.

पहिला शत्रू वेळ. प्राणी मेला की पोटाकडून कुजायला लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काही तासांचं काम. कातडी वरून धड दिसते, पण पोटाच्या केसांवरून अंगठा फिरवला आणि केसांचा झुबका हातात आला, की समजायचं, खेळ संपला. म्हणून मृतदेह आधी शीतपेटीत जातो. शवविच्छेदन करणाऱ्यालाही पुढं काय करायचं आहे ते आधीच सांगावं लागतं, म्हणजे तो चीर आडवीतिडवी मारत नाही. मग मापं. नाकाच्या टोकापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत, मानेचा घेर, छातीचा घेर, खांद्याची उंची, शेपटीची लांबी. ही मापं चुकली तर पुढं कितीही कलाकुसर केली, वाघ वाघासारखा दिसत नाही.

मग कातडी सोडवायची. धडाची सोपी, चेहऱ्याची नाही. पापण्या, ओठ, नाकपुड्या यांच्याभोवती पातं जरा जास्त लागलं तर भोक पडतं आणि ते जन्मभर दिसत राहतं. कान तर मोजा उलटा करावा तसा आतून बाहेर काढून कूर्चा वेगळी करावी लागते. पंजे शेवटच्या सांध्यापर्यंत सोडवायचे, नखं कातडीबरोबरच राहू द्यायची. सुटलेल्या कातडीवर मिठाचा थर, मग कमावणं, मग आतून खरवडून पातळ करणं. हे चर्मकाराचं काम. त्याच वेळी दुसरीकडं देह घडत असतो. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर प्लास्टर किंवा फायबर. हे मूर्तिकाराचं काम. पण मूर्तिकाराला एक सवलत असते, ती इथं नाही. पुढचा उजवा पाय उचलला तर खांद्याचा कोणता स्नायू फुगतो आणि पाठीचा कोणता ओढला जातो, हे इथं बिनचूक हवं. म्हणून या कामात शरीररचनेचा मास्तर वरचढ ठरतो.

मग डोळे. काचेचे. वाघ-बिबट्याची बाहुली गोल असते, आपल्या घरातल्या मांजरीसारखी उभ्या चिरेची नसते. हरणाची बाहुली आडवी. एवढं चुकलं तरी कारागिरानं जिवंत प्राणी पाहिलेला नाही हे कळतं. कातडी देहावर चढवायची, शिवायची, ओठांच्या कडा आत खोचायच्या, टाचण्या लावून वाळू द्यायचं. वाळताना कातडी आकसते, तेव्हा रोज बघावं लागतं. शेवटी नाक, ओठ, पापण्या रंगवायच्या, कारण जिथं केस नसतात तिथला मूळ रंग वाळताना उडून जातो. मोठं जनावर असेल तर सगळं मिळून काही महिने सहज जातात. साप, बेडूक, मासे यांच्या बाबतीत ही रीत फारशी चालत नाही. त्यांचे रंग टिकत नाहीत, त्यामुळं त्यांचे साचे घेऊन प्रतिकृती करतात.

हे सगळं एका म्हाताऱ्या, आजारानं गेलेल्या बिबट्यासाठी करायचं का? आणि केलं तर त्यात आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातल्या वाघात फरक काय?

दिवाणखान्यातला वाघ बहुतेक म्हैसूरचा असायचा. म्हणजे वाघ कुठलाही असो, त्याला उभा केलेला म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात. युजीन व्हॅन इंगेन यांनी साधारण १९०० साली हा धंदा काढला, त्यांच्या मुलांनी वाढवला. मुलांची नावं बोथा, डे वेट आणि जुबेर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर सेनापतींच्या नावांवरून ठेवलेली. कागदाच्या लगद्याचे साचे त्यांनी इतके पक्के बसवले होते की वाघ आला, साच्यावर चढला आणि गेला. या एका कारखान्यातून ४३ हजारांहून अधिक वाघ आणि बिबटे गेले असा हिशेब सांगितला जातो. आज देशातल्या जंगलात वाघ आहेत साडेतीन हजारांच्या घरात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, गिऱ्हाईक आटलं आणि १९९९ साली कारखान्याला टाळं लागलं.

कारागिरी म्हणून पाहिलं तर त्या लोकांचा हात आजही कोणाला सहज धरता येणार नाही. खोट होती ती दुसरीकडं. वाघाचा जबडा वासलेला, सुळे बाहेर, नाकावर आठ्या. असं कारण गिऱ्हाइकाला तसं हवं होतं. जंगलातला वाघ दिवसाचा मोठा भाग सावलीत लोळत घालवतो, पाण्यात बसतो, जांभया देतो. पण सावलीत लोळणाऱ्या जनावराला गोळी घातली असं दिवाणखान्यात सांगायला कोणाला आवडेल? म्हणून मेल्यावर त्याच्या तोंडावर राग चढवायचा आणि खाली पितळी पट्टीवर साहेबांचं किंवा महाराजांचं नाव, तारीख, लांबी फूट-इंचांत. वाघ नर होता की मादी, पोटात काय होतं, पिल्लं मागं राहिली का, याची नोंद पट्टीवर नाही. ती पट्टी मारणाऱ्याची होती. माझ्या मते सगळा फरक तिथं आहे. कातडीखाली लगदा आहे की फायबर, हा प्रश्न दुय्यम. खालच्या पाटीवर कोणाची गोष्ट लिहिली आहे आणि ती खरी आहे का, हे बघायचं.

पाटीचं महत्त्व किती, याचा खुद्द महाराष्ट्रात घडलेला एक दाखला आहे आणि तो एखाद्या गुप्तहेरकथेला मागं टाकेल असा आहे.

संग्रहालयातले सगळेच प्राणी काचेत उभे नसतात. बहुतेक पक्षी खणांत आडवे पडलेले असतात, पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके, पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर-मादी, कोणी गोळा केला. शोभा शून्य, पण अभ्यासकाला हेच हवं असतं. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी अशाच एका नमुन्यावरून एका छोट्या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा रानपिंगळा. गावाशेजारच्या पिंगळ्यासारखाच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि पाय दणकट. खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागात १८८० च्या सुमाराला याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासाच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून नमुने सात.

फक्त एक अपवाद होता. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यांनी आपण १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ रानपिंगळा मारल्याचं सांगितलं होतं. नमुना होता, चिठ्ठी होती. त्यामुळं शोधणारे त्या नोंदीवर विसंबून राहिले. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पक्षी नामशेष झाला असंच लोक धरून चालले.

नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या पॅमेला रासमुसेन यांनी हा नमुना जवळून पाहिला आणि त्यांना तो खटकला. प्रत्येक कारागिराची पक्षी भरण्याची एक लकब असते. कापूस किती, कुठं, टाका कसा, पंख कसे बसवले. माइनर्टझागेन यांच्या रानपिंगळ्याला कोणीतरी उसवून पुन्हा भरलेलं होतं, आणि जुन्या भरणाच्या उरलेल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हाताशी जुळत होत्या. म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला खानदेशी पक्षी उचलला, नव्यानं भरला आणि त्याच्या पायात आपल्या नावाची चिठ्ठी बांधली. जंगलात पक्षी मारण्याचेही कष्ट घेतले नाहीत! खोटी चिठ्ठी वगळली तेव्हा उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्या महत्त्वाच्या ठरल्या. जुन्या जागांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळ पोचले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, ११३ वर्षांनी, त्यांना जिवंत रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. पुढं तो मेळघाटातही सापडला. आज त्या पक्ष्यासाठी जे काही संवर्धन चाललं आहे, त्याचा उगम एका मेलेल्या पक्ष्याच्या पोटातल्या कापसात आहे.

सलीम अली यांचं नाव आलंच आहे तर त्यांचीही गोष्ट याच खणांतून सुरू झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून कुतूहलानं मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, दाखवली. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड यांच्याकडं पाठवलं. मिलार्ड यांनी रागावण्याऐवजी कपाटं उघडली आणि एकामागून एक भारतातल्या चिमण्यांचे भरलेले नमुने पुढ्यात ठेवले. इतक्या प्रकारच्या चिमण्या असतात हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं. पुढं १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीवर तो लागला. आज हातात बंदूक घेऊन कोणी पक्षिशास्त्र शिकू नये हे खरंच. पण कपाट उघडून दाखवणारा माणूस मात्र आजही लागतो.

असं कपाट लोह्याच्या मुलाला कुठं मिळणार?

लोहा तालुका नांदेड जिल्ह्यातला. जिल्ह्याचं जंगल बहुतेक सगळं किनवटकडं. इकडं खाली सगळी शेती आणि माळ. शेजारच्या लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र एक टक्कासुद्धा भरत नाही. म्हणून इथं वन्यप्राणी नाहीत असं वाटेल, तर तसं नाही. काळविटांचे कळप हरभऱ्यात उतरतात, रोही आहेत, रानडुकरं तर डोईजड झाली आहेत. कोल्हा, लांडगा, रानमांजर, घोरपड, मोर आहेत. ही सगळी बिगरजंगलातली जनावरं, शेताच्या बांधावर जगणारी. त्यांना ना अभयारण्याची कमान, ना जीपमधले पर्यटक. नागपूरच्या १८६३ सालच्या अजब बंगल्यात किंवा मुंबईत जाऊन काचेतला वाघ पाहता येईल, पण आपल्याच शिवारातला लांडगा दहा हातांवरून शांतपणे निरखायची सोय कुठंच नाही. जिवंत लांडगा तेवढा वेळ थांबत नाही.

याचा परिणाम मोबाइलवर दिसतो. ‘अमुक शिवारात बिबट्या, रात्री बाहेर पडू नका.’ सोबत अंधारातला एक धूसर फोटो. माणसं शेताला पाणी द्यायला जात नाहीत, कोणी काठ्या घेऊन निघतात. बिबट्या खरंच असतोही, पण पुष्कळदा तरस निघतं, कधी नुसतं रानमांजर. रानमांजर आपल्या मांजरापेक्षा थोडं उंच, अंगावर ठिपके नाहीत, शेपूट आखूड आणि टोकाला काळे पट्टे. तरस पुढून उंच, मागून उतरतं, मानेवर आयाळ, अंगावर उभे पट्टे. चिखलातला ठसा बघायचा तर मांजरकुळातलं जनावर नखं आत ओढून चालतं, त्यामुळं बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशात उमटतात. हे वाचून लक्षात राहत नाही. तरस आणि बिबट्या शेजारी शेजारी उभे करून, पंजा उचलून दाखवला तर एकदा पाहिलेलं आठ वर्षांचं पोरगं विसरणार नाही. आणि वाघाचीही गोष्ट आता लांबची राहिलेली नाही. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात येऊन राहिला. मधला सगळा मुलूख असाच, शेतीचा.

माझ्या डोळ्यांपुढं जागा आहे ती माळेगावची. लोहा तालुक्यातलंच हे गाव, मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री, सगळ्यांचा बाजार. जिल्हा परिषदेचं पशुप्रदर्शन असतं, कृषिप्रदर्शन असतं. जनावराच्या पायाला हात लावून, दात बघून किंमत करणारी माणसं इथं लाखांनी येतात. एवढी पारखी नजर मुंबईच्या कुठल्या संग्रहालयाच्या नशिबी आहे? त्या मांडवांच्या रांगेत वनखात्याचा एक मांडव, त्यात एक लांडगा, एक तरस, एक कोल्हा, एक काळवीट. शेजारी एक टेबल, त्यावर खरं नख आणि खोटं नख. जत्रा-बाजारांत ‘वाघनख’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं शिंगाचं किंवा खुराचं कोरलेलं असतं. ‘हत्ता जोडी’ नावाची जी जादूची मुळी विकतात, ती मुळी नसतेच, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग असतं. मांडुळाला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच. हे पुस्तकात छापून काही होत नाही, टेबलावर मांडावं लागतं. विकत घेणाऱ्याला आपण फसलो असं कळलं, तर ते बंदीच्या फलकापेक्षा लवकर लागू पडतं.

हे प्राणी आणायचे कुठून? मारायचे तर नाहीतच. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. चौपदरीकरणानंतर गाड्या सुसाट, आणि रात्री रस्ता ओलांडणारा कोल्हा, उदमांजर, घुबड, कधी काळवीट सकाळी कडेला पडलेलं. विहिरीत पडून मेलेले असतात, कुंपणाच्या विजेच्या तारेला चिकटलेले असतात. त्यातले निम्मे चिरडून कामातून गेलेले असणार, उरलेल्यांतले बरेच वेळेत सापडणार नाहीत. पण वर्षाकाठी दोन-चार जरी धड मिळाले तरी पुष्कळ झाले. कातडी गेली तर हाडांचा सापळा उभा करता येतो. लोह्याहून जवळ, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शरीररचना तिथं शिकवतातच, शवविच्छेदन तिथं होतंच. मुंबईला एका शिक्षकाच्या वेडातून केंद्र उभं राहिलं, तसं वेड दुसऱ्या कोणाला लागू नये असा नियम नाही.

मात्र हे काम कोणी घरी करायला जाऊ नये. कायद्याच्या कलम ३९ प्रमाणं वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारच्या मालकीचा. चुकून मेला तरीही. मेलेला मोर उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे. मोराची गळून पडलेली पिसं ठेवायला तेवढी सूट आहे. कातडी कमावणं, भरणं, उभं करणं ही सगळी कामं कायद्यानं टॅक्सिडर्मीच्या व्याख्येत घातली आहेत आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय ती करता येत नाहीत. रस्त्यावर जनावर दिसलं तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवायचा, जागा सांगायची, हात लावायचा नाही. हात लावायचा नाही हे आरोग्यासाठीही, कारण कोल्हा किंवा लांडगा पिसाळलेला असू शकतो.

जुन्या गढ्यांत, वाड्यांत अजून काळविटाची शिंगं, कुठं एखादं वाघाचं मुंडकं टांगलेलं असतं. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, शिकारीचा शौक जहागीरदारांपासून पाटलांपर्यंत सगळ्यांना. अशा वस्तूंची नोंद करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत देऊन झाली. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर वस्तू ठेवता येते, विकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं प्रमाणपत्र असलेल्याला ती राजीखुशीनं सरकारजमा करण्याची वाट करून दिली आहे, मोबदला मात्र नाही. मला वाटतं अशी जमा झालेली शिंगं कोठारात कुजवण्यापेक्षा शाळांपुढं मांडावीत, पण मूळ पट्टी काढून न टाकता. ‘अमक्या साली अमक्यानं मारलेला’ हे तसंच राहू द्यावं आणि शेजारी दुसरी पाटी लावावी की त्या साली या तालुक्यात हे जनावर मारता येईल इतकं होतं. एक काळजी घ्यावी लागेल. जुन्या काळी किडीपासून बचावासाठी कातडीला आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक मिसळलेला साबण चोळत. अठराव्या शतकात फ्रान्सच्या बेकर नावाच्या औषधविक्यानं काढलेली ही युक्ती विसाव्या शतकापर्यंत जगभर चालली. त्यामुळं जुनं मुंडकं मुलांच्या हातात द्यायचं नाही, काचेतच ठेवायचं. हात लावायला नवे नमुने, ज्यांवर बोरॅक्ससारखी सौम्य द्रव्यं वापरलेली असतात.

आता पाटी. आपल्याकडच्या संग्रहालयांत पाटी म्हणजे नाव, लॅटिन नाव, आढळ, आहार. मुलं ती वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या कपाटाकडं पळतात. त्याऐवजी असं काही असावं: ‘कोल्हा, मादी. अहमदपूर रस्त्यावर वाहनाच्या धडकेनं मृत, पहाटेची वेळ. पोटात उंदीर, बोरं आणि गुटख्याच्या पुडीचा तुकडा. दूध पाजत होती.’ शवविच्छेदनाचा अहवाल असतोच, त्यातल्या चार ओळी पाटीवर यायला हव्यात. काळविटाच्या पाटीवर त्यानं हरभऱ्याचं केलेलं नुकसानही लिहावं आणि भरपाईचा अर्ज कुठं करायचा तेही. ज्याचं पीक रात्रीत फस्त झालं, त्याला काचेतलं काळवीट पाहून प्रेमाचा उमाळा येणार नाही, आणि येईल असं सांगणाऱ्या संवर्धनवाल्यांचा मला राग येतो. पण आपली तक्रार त्या पाटीवर लिहिलेली दिसली तर तो माणूस निदान पाटी वाचायला थांबेल.

उलट बाजूही सांगायला हवी. भरलेल्या प्राण्यांमुळं संवर्धन होतंच असं नाही. ज्या वासलेल्या जबड्यांची मघाशी गोष्ट झाली, त्यांनी उलटंच केलं. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा वाघ उभा करून ‘दुर्मीळ’ म्हणून दाखवला तर तेही फसवणूक. तो रंग जवळच्या नात्यांतल्या जोड्या लावून लावून टिकवलेला आहे, जंगलाशी त्याचा संबंध नाही. आणि फिल्म, थ्रीडी चित्रं, मोबाइलमधले प्राणी आल्यावर कातड्याची गरजच काय, असंही विचारतात. गरज मापाची आहे. पडद्यावर मुंगूस आणि बिबट्या एकाच आकाराचे दिसतात. लांडगा आपल्या गावठी कुत्र्याहून किती मोठा, हे त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि लांडगा म्हणजे किती मोठं जनावर हेच माहीत नसेल तर शेळी कोणी नेली याचा वाद मिटत नाही.

टिकवणं हा मोठा प्रश्न. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग संग्रहालय २६ एप्रिल २०१६ ला मध्यरात्रीनंतर आगीत गेलं, एका रात्रीत सगळे नमुने राख. आग नाही लागली तरी ऊन रंग खातं, पावसाळी दमटपणात बुरशी येते, कसर आणि भुंगेरे केस आणि पिसं पोखरतात. मराठवाड्याची कोरडी हवा या बाबतीत मुंबईपेक्षा बरी, धूळ मात्र दसपट. दर काही महिन्यांनी काच उघडून, मऊ कुंचल्यानं केसांच्या दिशेनं धूळ काढायची, शेपटीच्या मुळाशी आणि कानांत कीड बघायची, लागण दिसली तर नमुना आठवडाभर शीतपेटीत ठेवायचा. हे करायला एक शिकलेला, कायम नेमलेला माणूस लागतो. प्राणी वनखात्याचा, शाळा शिक्षण खात्याची, कॉलेज पशुविज्ञान विद्यापीठाचं, यात्रेतला मांडव जिल्हा परिषदेचा. कुंचला घेऊन बसणाऱ्या माणसाचा पगार यांतल्या कोणत्या खात्यात टाकायचा, तेवढं आधी ठरवावं लागेल.